फ्रीजखालचे पाणी येते कोठून?

श्रावणातली झड लागली की घराघरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी स्वयंपाकघरात जावे तर फ्रीजपुढे पाण्याचे तळे. पोतेरे फिरवून पुसावे, तर दुपारपर्यंत पुन्हा तेवढेच. मग शेजारपाजारची निदाने सुरू होतात. कोणी म्हणते गॅस गळतोय, कोणी म्हणते फ्रीज म्हातारा झाला, आता नवाच घ्या. एक गोष्ट मात्र सहसा कोणी विचारत नाही. फ्रीजला नळ जोडलेला नाही, आत कोणी बादली ओतलेली नाही. मग हे पाणी आले कोठून?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यासारखे गाव बरे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधल्या पट्ट्यात केळी, पपई, ऊस आणि कापूस. उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला १९९८ मध्ये. फ्रीज त्याआधीच या भागातल्या घरांत येऊ लागला होता. गोदरेजने १९५८ मध्ये भारतात फ्रीज बनवायला सुरुवात केली, तेव्हा ती सुखवस्तू घराची खूण होती आणि पुष्कळदा दिवाणखान्यात दिसेल अशी मांडली जाई. आज ती गरज झाली आहे. दूध नासू नये म्हणून, कुणाच्या आजोबांचे इन्शुलिन टिकावे म्हणून.

खान्देशातल्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते की माठातले पाणी वैशाखात गार होते आणि श्रावणात कोमटच राहते. माठ पाझरतो, ते पाणी कोरड्या हवेत उडून जाते आणि जाताना माठाची उष्णता घेऊन जाते. पावसाळी हवा आधीच ओलीचिंब असल्याने पाणी उडत नाही. फ्रीजचे गणित नेमके उलटे आहे. तो थंडी 'तयार' करत नाही, आतली उष्णता उचलून मागच्या बाजूने बाहेर टाकतो. दार उघडले की बाहेरची हवा आत शिरते, गार होते, आणि गार हवेला पूर्वीइतकी वाफ पेलवत नाही. उरलेली वाफ थंड भिंतीवर दव होऊन बसते. फ्रीजखालचे पाणी ते हेच.

हिशेब ढोबळ मांडू. ३० अंशांच्या दमट पावसाळी हवेत दर घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. ५ अंशांना तीत जेमतेम ७ ग्रॅम मावते. बाकीचे १७ ग्रॅम पाणी फ्रीजमध्येच राहते. वैशाखातल्या ४२ अंशांच्या कोरड्या हवेत मात्र वाफच आठ-नऊ ग्रॅम, म्हणजे साठायला जवळजवळ काही नाही. एका दार-उघडीत शिरते ते थोडेच. पण दिवसातून तीस-चाळीसदा दार उघडले, शिवाय डाळ-भाजी उघडीच ठेवली, की श्रावणात सहज अर्धा-पाऊण कप पाणी जमते.

या पाण्याची सोय कारखान्याने केलेली असते. मागच्या भिंतीवरून ते एका पन्हाळीत उतरते, तेथल्या बारीक भोकातून नळीने मागे, कॉम्प्रेसरवर बसवलेल्या ट्रेमध्ये पडते आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जाते. काही जुन्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे हातानेच रिकामा करावा लागे. पाणी जमिनीवर आले म्हणजे या वाटेत कोठेतरी अडथळा आहे.

तो शोधायला फार हत्यारे लागत नाहीत. पहिले काम प्लग काढण्याचे. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून फ्रीजला हात लावणे जिवावर बेतू शकते. अर्थिंग नीट नसेल तर अधिकच. मग पाणी कोठे आहे ते पाहावे. भाजीच्या कप्प्याखाली आत साचले असेल तर भोक तुंबले आहे. कोथिंबिरीचे पान, सांडलेले दही, मलईचा थर, एवढे पुरते. सुई नसलेल्या पिचकारीने कोमट पाणी सोडावे, लवचिक प्लॅस्टिकची दोरी हलकेच फिरवावी. उकळते पाणी नको, आतले प्लॅस्टिक तडकते. शेवटी कपभर पाणी ओतून ते मागच्या ट्रेमध्ये पोचते का ते बघावे. पाणी मागे साचत असेल तर ट्रे तडकला किंवा सरकला असेल. दारापाशी थेंब दिसत असतील तर दाराचा रबर सैल आहे. दारात नोट अडकवून ओढावी, अलगद निघाली तर रबर धुवावा किंवा बदलावा. बर्फ न साठणाऱ्या दोन-दारी फ्रीजमध्ये निचऱ्याचे भोक झाकणामागे असते. तेथे बर्फ अडकला असेल तर फ्रीज दिवसभर उघडा ठेवून वितळू द्यावा. पुन्हा तसेच झाले तर मेकॅनिकला बोलवावे. वीज तासन्तास गेली आणि बर्फ एकदम वितळला, तर येणारे पाणी हा बिघाडच नव्हे.

आता गॅसविषयी. गॅस गळला तर जमिनीवर पाणी येत नाही. फ्रीज गार करणे थांबवतो. गॅस गळतो तो बहुधा आपणच सुरीने बर्फ खरवडतो तेव्हा, पातळ नळीला भोक पडून. जुन्या फ्रीजमधला वायू ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने बाद ठरवला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. आजच्या पुष्कळ फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला अपाय करत नाही, पण पेट घेतो. म्हणून सुरी कधीच नको.

एक गोष्ट सर्वांत दुर्लक्षित राहते, ती मागचा ट्रे. श्रावणात त्यातले पाणी माठासारखेच उडत नाही, साचून राहते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असे स्वच्छ, साचलेले पाणीच हवे असते आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा पुरतो. अंगणातली टायरे आणि कुंड्या आपण तपासतो, घरातला हा ट्रे मात्र भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो. पावसाळ्यात दर आठवड्याला प्लग काढून तो पुसावा, घासावा.

नवा फ्रीज घ्यायचे ठरवण्याआधी, किंवा 'गॅस भरावा लागेल' हे ऐकून खिशात हात घालण्याआधी, मेकॅनिकला एवढेच विचारावे: आतले भोक आणि मागचा ट्रे पाहिलात का? पुष्कळ घरांचे काम या एका प्रश्नावरच भागेल.