उपवासाचे शास्त्र आणि अर्थशास्त्र

बंगळुरू शहरात भुकेची दोन अगदी भिन्न रूपे एकाच वेळी पाहावयास मिळतात. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या तेथील जिंदाल निसर्गोपचार संस्थेत वजन, रक्तदाब वा मधुमेह आटोक्यात यावा म्हणून लोक पैसे मोजून उपवास करावयास येतात. त्याच शहरात ऑगस्ट २०१७ मध्ये कर्नाटक शासनाने इंदिरा कँटीन सुरू केली. पाच रुपयांत न्याहारी आणि दहा रुपयांत जेवण, असे तेथील आरंभीचे दर होते आणि हातावर पोट असणाऱ्यांसाठी ती सोय होती. एकाला अन्न कमी कसे करावे याची चिंता, तर दुसऱ्याला ते मिळवावे कसे याची. संगणक उद्योगातील रात्रपाळ्या, तासन्‌तास बैठे काम आणि घरपोच येणारे अन्न यांमुळे पहिल्या गटाची संख्या वाढत आहे. या गटात गेल्या दशकात 'इंटरमिटंट फास्टिंग' म्हणजेच कालबद्ध उपवासाचा मोठा प्रसार झाला. या पद्धतीमागील शास्त्र, तिच्या मर्यादा आणि सार्वजनिक धोरणाशी असलेला तिचा संबंध यांचा येथे विचार केला आहे.

पोषणाचा दुहेरी भार

२०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया अतिवजनी वा लठ्ठ आहेत, तर १८.७ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी आहे. कर्नाटकात अतिवजनी स्त्रियांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात आहे. त्याच वेळी देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. एकाच समाजात, किंबहुना कधी कधी एकाच कुटुंबात, अतिपोषण आणि कुपोषण नांदत असल्यास त्या स्थितीला 'पोषणाचा दुहेरी भार' असे म्हणतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या 'इंडियाब' या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील सुमारे १० कोटी १० लाख प्रौढांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख व्यक्ती मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहाचे सर्वाधिक म्हणजे २६.४ टक्के प्रमाण गोव्यात आढळले. पोटाभोवतीच्या लठ्ठपणाचे देशातील प्रमाण ३९.५ टक्के इतके आहे.

भारतीयांच्या बाबतीत केवळ वजनाचा काटा पुरेसा नसतो, ही गोष्ट पुण्यातील संशोधनाने जगापुढे आणली. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली. उंचीच्या तुलनेत वजन दर्शविणारा देहभार निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या देहातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते. म्हणूनच जागतिक पातळीवर लठ्ठपणासाठी ३० हा निर्देशांक मानला जात असला, तरी भारतीय तज्ज्ञ २५ ही मर्यादा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे हे धोक्याचे लक्षण मानले जाते.

शरीरात काय घडते?

कालबद्ध उपवासाचे तीन प्रकार प्रामुख्याने रूढ आहेत. पहिल्यात दिवसातील आठ तासांत सर्व आहार घेऊन उरलेले सोळा तास अन्न वर्ज्य केले जाते. दुसऱ्यात आठवड्यातील पाच दिवस नेहमीचा आणि दोन दिवस अत्यल्प आहार घेतला जातो. तिसऱ्या प्रकारात एक दिवसाआड उपवास असतो.

जेवणानंतर रक्तातील साखर वाढते आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते. त्याच्या प्रभावामुळे पेशी साखर शोषून घेतात, यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने तिचा साठा होतो आणि उरलेली ऊर्जा चरबीच्या रूपाने साठवली जाते. इन्सुलिनची पातळी चढी असेपर्यंत साठलेली चरबी फारशी वापरली जात नाही. सर्वसाधारणपणे बारा तास वा त्याहून अधिक काळ अन्न न घेतल्यास यकृतातील ग्लायकोजेन संपत येते. मग शरीर चरबीचे विघटन करून मेदाम्ले आणि कीटोन यांपासून ऊर्जा मिळवू लागते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर ग्लायकोजेन हे चालू खाते आणि चरबी ही मुदत ठेव होय. चालू खात्यात रोज दर दोन तासांनी भरणा होत राहिला, तर मुदत ठेव मोडण्याची वेळ सहसा येत नाही.

पेशी स्वतःचे निरुपयोगी घटक मोडून त्यांचा पुनर्वापर करतात, या प्रक्रियेवरील संशोधनासाठी जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर उपवासाला या प्रक्रियेशी जोडण्याची प्रथाच पडली. परंतु ओसुमी यांचे मूळ प्रयोग यीस्टवरील होते. अमुक तास उपाशी राहिल्यास मानवी शरीर आपोआप शुद्ध होते, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

प्रयोगांचे निष्कर्ष

अमेरिकेत ११६ व्यक्तींवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाने दुपारी बारा ते रात्री आठ याच वेळेत आहार घेतला, तर दुसऱ्याने दिवसातून तीन वेळा नेहमीप्रमाणे भोजन केले. बारा आठवड्यांनंतर पहिल्या गटाचे वजन सरासरी ०.९४ किलो, तर दुसऱ्याचे ०.६८ किलो घटले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या नगण्य होता. चीनमधील ग्वांगझू येथील १३९ लठ्ठ व्यक्तींवरील वर्षभराच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे दोन्ही गटांना सारखाच मर्यादित ऊष्मांकाचा आहार दिला होता; एका गटावर सकाळी आठ ते दुपारी चार हे वेळेचेही बंधन होते. वेळेचे बंधन असलेल्यांचे वजन ८ किलोने आणि नसलेल्यांचे ६.३ किलोने घटले. येथेही फरक निर्णायक ठरला नाही.

याचा अर्थ उपवास निष्फळ आहे असा नव्हे. आहारातून मिळणारी एकूण ऊर्जा घटली तर वजन घटते. ती घटविण्याचा उपवास हा एक मार्ग आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील 'डायरेक्ट' या प्रयोगात अत्यल्प ऊष्मांकाच्या आहाराने वजन घटविलेल्या गटातील ४६ टक्के मधुमेही रुग्णांचा आजार वर्षभरात औषधांविना आटोक्यात आला. त्यात उपवासाच्या तासांचे बंधन नव्हते. दुसरीकडे, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील आठ पुरुषांवरील २०१८ मधील एका लहान प्रयोगात दिवसाचे शेवटचे जेवण दुपारी तीनपूर्वी घेतल्याने, वजन न घटताही, इन्सुलिनची परिणामकारकता सुधारली. त्यामुळे जेवणाच्या वेळेलाही काही महत्त्व असावे, असे मानण्यास जागा आहे.

महाराष्ट्रातील अनुभव

या विषयाची मराठी समाजाला ओळख परदेशी पुस्तकांतून होण्याआधीच झाली होती. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) हे वैद्यकशास्त्रासह अनेक विषयांचे पदवीधर आणि लोकप्रतिनिधी होते. वारंवार खाणे, इन्सुलिन आणि मधुमेह यांचा संबंध ते आपल्या व्याख्यानांतून उलगडून सांगत. त्यांच्या विचारांतून प्रेरणा घेऊन सामुदायिक वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लातूर येथून एक साधी जीवनशैली प्रचारात आणली. कडक भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखाव्यात, त्या दोनच वेळी जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असे तिचे सूत्र आहे. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा यांसारखी मोजकी पेये चालतात. आरंभी आणि तीन महिन्यांनी उपाशीपोटीच्या इन्सुलिनची व तीन महिन्यांतील सरासरी साखरेची तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो.

याच काळात आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा सल्लाही लोकप्रिय होता. त्यामुळे 'दीक्षित की दिवेकर' हा वाद वृत्तपत्रांपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत रंगला. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी वाटतात. तथापि घरचे ताजे अन्न, साखर व पाकीटबंद पदार्थांवर नियंत्रण आणि नियमित व्यायाम यांवर दोन्ही बाजूंचा भर आहे. दोहोंचा लाभ होणाऱ्या अनेकांना तो बहुधा या समान भागामुळे होत असावा.

नियमाचे अर्थशास्त्र

शास्त्रीय प्रयोगांत फारसा फरक न दिसणारी पद्धत एवढी लोकप्रिय का होते, याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. प्रत्येक घासाचे ऊष्मांक मोजणे हे माहिती आणि वेळ या दोन्ही दृष्टींनी खर्चिक आहे. 'रात्री आठनंतर खाणे नाही' हा नियम मात्र फुकट आहे, कोणासही कळतो आणि तो मोडला की लगेच ध्यानात येतो. माणूस आजच्या सुखाला उद्याच्या लाभापेक्षा अधिक किंमत देतो. म्हणूनच तो स्वतःवर आगाऊ बंधने घालून घेतो. २००५ चे नोबेल मानकरी थॉमस शेलिंग यांनी अशा आत्मनियंत्रणाचे विवेचन केले आहे. रिचर्ड थेलर (नोबेल २०१७) यांनी हर्ष शेफ्रिन यांच्यासह माणसातील दूरदर्शी 'नियोजक' आणि तात्कालिक सुखामागे धावणारा 'कर्ता' यांच्यातील संघर्षाचे प्रारूप मांडले. एकादशी, जैनांचे सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि रमजानचे रोजे यांची प्रेरणा धार्मिक असली, तरी त्यांची रचना अशीच आहे. नियम स्पष्ट असतो आणि तो पाळण्यास समाजाची साथ मिळते.

परंतु नियमाला पळवाट असली की त्याचे फळ उरत नाही. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण याचे नेमके वर्णन करते. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० किलोकॅलरी असतात, प्रथिने मात्र जवळजवळ नसतात. त्यात शेंगदाण्याचे कूट, तूप आणि बटाटा मिसळला की उपवासाचे ताट रोजच्या भाजीभाकरीपेक्षा जड होते. आठ तासांच्या मुदतीत तळलेले आणि गोड पदार्थ भरपूर खाणारा शहरी उपासक हीच चूक नव्या नावाने करतो.

उपवास कोणी करू नये?

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना दीर्घ उपवास केल्यास साखर धोकादायकरीत्या खालावू शकते. गर्भवती व स्तनदा माता, अठरा वर्षांखालील मुले, कमी वजनाच्या व्यक्ती, दुर्बल वृद्ध आणि आहारविषयक मानसिक विकार असलेल्यांनी हा मार्ग टाळावा. वजन घटताना स्नायूही घटतात, म्हणून पुरेशी प्रथिने आणि व्यायाम आवश्यक ठरतो.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. सर्वांचे झाल्यावर उरलेले खाण्याची घरोघरची रीत, आठवड्याचे उपवास आणि त्यावर वजन घटविण्याचा नवा ध्यास, असे ओझे एकाच देहावर पडते. परीक्षेच्या तयारीत न्याहारी टाळून चहावर दिवस काढणाऱ्या विद्यार्थिनीची उपासमार कालबद्ध उपवास या नावाने आरोग्यदायी ठरत नाही.

धोरणाची दिशा

व्यक्तीचा संयम महत्त्वाचा असला तरी तिच्यासमोरील पर्याय बाजार आणि शासन घडवीत असतात. २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबांच्या मासिक खर्चातील अन्नाचा वाटा ४६ टक्क्यांवर आला आहे; १९९९-२००० मध्ये तो ५९ टक्के होता. उत्पन्न वाढताना अन्नावरील खर्चाचे प्रमाण घटते, या एंगेलच्या नियमाला हे धरूनच आहे. मात्र पेये व प्रक्रियायुक्त पदार्थांवर एकूण खर्चाच्या ग्रामीण भागात ९.६ टक्के आणि शहरांत १०.६ टक्के रक्कम खर्च होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी निगडित आहे.

असंसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून राबविला जात आहे. २०१८ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 'ईट राइट इंडिया' मोहीम सुरू केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी घटविण्याचे आवाहन केले. या प्रयत्नांना पाकिटावरील सुबोध पोषणमाहिती, शाळांभोवती सकस अन्नाची उपलब्धता, चालण्यायोग्य पदपथ आणि नाचणी, ज्वारी, डाळी यांना स्वस्त धान्य व्यवस्थेत स्थान यांची जोड मिळणे गरजेचे आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने त्याला हक्काचा आधार दिला. उपवास हा संयम ठरतो, तो ताटात अन्न असताना ते स्वेच्छेने दूर सारले तर. ताटच रिकामे असेल, तर तिला उपासमार म्हणतात. बंगळुरूतील निसर्गोपचार संस्था आणि इंदिरा कँटीन यांमधील अंतर कमी करणे, म्हणजे एकाला मर्यादेचे भान आणि दुसऱ्याला पोटभर सकस अन्न देणे, हेच पोषणविषयक धोरणाचे खरे उद्दिष्ट होय.