मावशीच्या कपाटातलं मॅनेजमेंटचं पुस्तक

नेहमीप्रमाणे हे या भागाचं लिखित रूप. एसटीत रेंज जाते, इअरफोन नेमके घरी राहतात, म्हणून टाकतो. बोलताना आकडे पटपट निघून गेले असतील, तर इथे सावकाश वाचा.

तुमचे मेसेज बघितले तर निम्म्यांचा प्रश्न एकच असतो. "दादा, बीबीए करतोय, काय वाचू?" किंवा "नुकतीच टीम लीड झालेय, फायनान्सचं काही कळत नाही." आता मी पडलो बीटेकवाला. कोडमधली चूक सापडते, पण ताळेबंद समोर आला की दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझं डोकं हँग व्हायचं. तेव्हा हप्त्यावर एक महागडा ऑनलाइन कोर्सही घेतला. सर्टिफिकेट आलं, लिंक्डइनवर टाकलं, लोकांनी अभिनंदन केलं. ताळेबंद काही कळला नाही.

तो कळला मावशीमुळे.

मावशी राहाता तालुक्यात असते. दुधाचे आणि कांद्याचे पैसे साठवून तिने जवळच्या एका पतसंस्थेत तीन लाखांची मुदत ठेव ठेवली होती, पोरीच्या नर्सिंगच्या फीसाठी. बँकेपेक्षा व्याज जास्त होतं, एवढंच कारण. मुदत संपल्यावर काउंटरवर सांगितलं, "पुढच्या महिन्यात या." मग दर महिन्याला तेच. शेवटी तिचा मला फोन, "अरे, तू कंप्युटरवाला ना, बघ काही होतंय का."

कंप्युटरने काही होणार नव्हतं. पण तिच्या कपाटात, जुन्या लग्नपत्रिकांखाली, त्या संस्थेचे तीन वर्षांचे वार्षिक अहवाल निघाले. एकही उघडलेला नव्हता. रात्री जेवण झाल्यावर तिघेही जमिनीवर पसरून बसलो.

पहिली पानं फोटोंची, मग श्रद्धांजली, मग अध्यक्षांचं मनोगत. ती सोडा. नफा-तोटा पत्रक बघितलं तर नफा दर वर्षी वाढलेला. नफा वाढतोय आणि मावशीला द्यायला पैसे नाहीत, हे कसं? उत्तर ताळेबंदात, मालमत्तेच्या बाजूला एका ओळीत होतं: 'येणे व्याज'.

आता हे नीट बघा, कारण सगळी गोम इथेच आहे. समजा मी तुम्हाला १२ टक्क्यांनी एक लाख दिले. वर्ष झालं, तुम्ही एक रुपयाही दिला नाही. मी वहीत लिहिलं, 'व्याज उत्पन्न १२,०००'. वही म्हणते मी कमावले, खिसा म्हणतो कुठेत? न आलेलं व्याज उत्पन्न धरलं आणि त्यासाठी पुरेशी तरतूद बाजूला काढली नाही, तर नफा फुगतो. त्या तीन अहवालांत येणे व्याज नफ्यापेक्षा कितीतरी वेगाने वाढत होतं आणि बुडीत कर्जासाठीचा निधी जवळपास होता तिथेच होता. शेवटी बारीक अक्षरात लेखापरीक्षकाने थकबाकीवर शेरेही मारलेले. तेच शेरे तिन्ही वर्षं. म्हणजे सगळं छापून घरपोच आलं होतं हो!

म्हणून मी म्हणतो, एकच अहवाल वाचू नका. तीन वर्षांचे शेजारी ठेवा आणि कुठली ओळ सगळ्यात जोरात पळतेय ते शोधा.

हेच कंपनीला लागू होतं. तिथे येणे व्याजाच्या जागी ग्राहकांकडची येणी असतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कुठल्याही कंपनीचा अहवाल बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर फुकट मिळतो. त्यात निव्वळ नफा आणि कामकाजातून आलेली रोख, हे दोन आकडे पाच वर्षांचे लिहून काढा. नफा वर चाललाय आणि रोख येत नाही, असं दिसलं की थांबा आणि का ते शोधा. कॉलेजच्या प्रोजेक्टला एवढंही पुरतं. टीम लीड असाल तर क्लायंटचं बिल 'पाठवलं' आणि 'जमा झालं' यातला फरक आठवा; पगार दुसऱ्यातूनच होतात.

शब्द अडले तर झिरोधाची व्हर्सिटी फुकट आहे. स्वयंवर व्यवस्थापनाचे कोर्स आहेत. शिकणं फुकट, परीक्षेला फी. वॉरन बफेची भागधारकांना लिहिलेली १९७७ पासूनची पत्रं बर्कशायरच्या साइटवर आहेत. सगळे तीच वाचायला सांगतात, चांगलीच आहेत. पण आपण नगरवाले. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला शेतकऱ्यांना भागधारक करून साखर कारखाना उभा केला, पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. तेव्हापासून या जिल्ह्यात शेअर असलेली घरं किती असतील! अहवाल मात्र रद्दीत.

कायद्याचं थोडं. सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला शेवटचा तपासलेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य बघता येतं. तुम्ही फक्त नाममात्र सभासद असाल तर मताचा अधिकार नसतो, ठेवीदार बऱ्याचदा तसाच असतो. पावतीवर बघून घ्या.

आणि पतसंस्था म्हणजे बँक नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने शंभर वर्षांहून जुन्या नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा ठेवीदारांना निदान पाच लाखांपर्यंतच्या विम्याचा आधार होता. तो विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेला नाही. मावशीला हे कुणीच सांगितलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं, हे खरं सांगतो.

तिचे आत्तापर्यंत ऐंशी हजार परत आलेत, तुकड्या-तुकड्यांनी. पोरीची फी शेवटी दोन म्हशी विकून भरली.

गेल्या सप्टेंबरात गावच्या दूध संस्थेची सभा होती. मावशी तिथली पक्की सभासद. अहवाल घेऊन गेली, पान दुमडून. विषय मंजूर, मंजूर असं चाललेलं, तेवढ्यात उठून विचारलं, "पशुखाद्याची येणे बाकी वर्षात दुप्पट कशी झाली?" अध्यक्षांनी सचिवाकडे बघितलं, सचिवांनी अहवालाकडे. मग उधारीवाल्यांची यादी वाचायला सुरुवात झाली आणि चहा बराच उशिरा आला.

भेटू पुढच्या भागात.