पालवीची नोंद ठेवणारा दिवा

मोबाइलच्या चार्जरवर लुकलुकणारा इवलासा एलईडी वीज मिळाली की उजेड देतो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याच्यावर उजेड पाडला तर तो थोडीशी वीज देतो, हे मात्र फारसं कुणाच्या कानावर नसतं. टेक्सासमधल्या फॉरेस्ट मिम्स यांनी या उलट्या गुणाचा चिकाटीने पाठपुरावा केला. त्यांची पदवी राज्यशास्त्राची. इलेक्ट्रॉनिक्स आणि वातावरण हे दोन्ही विषय ते स्वतःच शिकले. १९९०पासून ते घरी बनवलेली उपकरणं सूर्याकडे रोखून नोंदी घेत आले. १९९२ साली त्यांनी ‘अप्लाइड ऑप्टिक्स’मध्ये एलईडीवर चालणारा सूर्यप्रकाशमापक मांडला. पुढच्याच वर्षी ‘नेचर’मध्ये त्यांनी नासाच्या उपग्रहाची ओझोनची मोजणी चुकत असल्याचं दाखवलं, तेही घरी बनवलेल्या दुसऱ्या एका उपकरणाच्या आधारे. स्वस्त उपकरण म्हणजे कच्चं उपकरण, असं मानणाऱ्यांनी मिम्स यांचं काम जरूर पाहावं.

एलईडीची खरी किंमत त्याच्या निवडक नजरेत आहे. उजेड मोजायच्या नेहमीच्या सिलिकॉन फोटोडायोडला निळ्यापासून अवरक्तापर्यंत सगळाच उजेड दिसतो. एकच रंग मोजायचा तर त्याच्यापुढे फिल्टर लावावा लागतो. अरुंद पट्ट्याचा चांगला फिल्टर महाग असतो आणि ऊन-पावसात बिघडतोही. एलईडी स्वतः ज्या रंगाचा उजेड देतो, त्याच्या जवळपासच्या, किंचित कमी तरंगलांबीच्या उजेडालाच दाद देतो. फिल्टर जणू त्याच्या स्फटिकातच आहे, आणि तो काही रुपयांत मिळतो.

ही निवडक नजर कामी येते ती पानापाशी. पानातलं हरितद्रव्य लाल उजेड पिऊन टाकतं. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड मात्र पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या पोकळ्या विखरून परत पाठवतात. भरगच्च पालवी शंभरातले ५ भाग लाल आणि ४५ भाग अवरक्त परतवत असेल, तर दोन्हींच्या वजाबाकीला बेरजेने भागून ०.८ हे उत्तर येतं. तेच वाळून २० आणि ३० झालं की उत्तर ०.२. हा आकडा एनडीव्हीआय म्हणून ओळखला जातो. उपग्रहांच्या चित्रांतून पिकांचा आणि जंगलांचा अंदाज बांधणारे तो रोज वापरतात.

बर्कलीच्या विद्यापीठात डेनिस बाल्डोकी यांच्याकडे तेव्हा काम करणारे कोरियन संशोधक यंगरियल रियू यांनी या दोन गोष्टी एकत्र आणल्या. कॅलिफोर्नियातल्या आयोन गावाजवळच्या गवताळ रानात त्यांनी एलईडीचे संवेदक बसवले आणि २०१०मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो. गवत वसंतात भरात येतं आणि उन्हाळा लागला की वाळून पिवळं पडतं. हा सगळा प्रवास संवेदकांनी टिपला.

अशा उपकरणाची मांडणी जवळून बघण्यासारखी आहे. खांबाला आडवी दांडी, दांडीला दोन डब्या. एकीचं तोंड आभाळाकडे, दुसरीचं गवताकडे. प्रत्येक डबीत निळा, हिरवा, लाल आणि अवरक्त असे चार एलईडी. आभाळाकडच्या डबीवर पांढरट पारभासी चकती असते, म्हणजे चहूबाजूंचा उजेड सारखा आत येतो. एलईडीतून येणारा प्रवाह फार क्षीण, म्हणून ऑप-अँप या प्रवर्धकाने तो वाढवून नोंदी साठवणाऱ्या लॉगरमध्ये नोंदवायचा. वरच्या डबीतला आकडा म्हणजे आलेला उजेड, खालचा म्हणजे परतलेला. ढग आला की दोन्ही आकडे पडतात, पण त्यांचं गुणोत्तर जवळपास टिकून राहतं. साऱ्या मांडणीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

कारण उपग्रह ढगापाशीच अडतो. सेंटिनेल-२ दर ५ दिवसांनी येतो, लँडसॅटचा एक उपग्रह १६ दिवसांनी. त्या दिवशी आभाळ भरलेलं असेल तर ती खेप वाया. कोंब फुटून पान पूर्ण उघडायला कधी आठवडाही पुरतो. खांबावरची डबी मात्र दर काही मिनिटांनी पाहत असते.

रियू यांनी पुढे कोरियातल्या जंगलात हे संवेदक झाडांच्या शेंड्यांवर आणि खालच्या थरांतही लावले. पालवी आधी खाली फुटते, मग वर, असं दिसलं. वरून पाहणाऱ्या उपग्रहाला हे थर वेगळे करता येत नाहीत. इतक्या जागी उजेडाचा प्रत्येक रंग वेगळा मोजणारे महागडे स्पेक्ट्रोमीटर कोण लावणार? नंतर त्यांच्या गटाने रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, कॅमेरे आणि एलईडी जोडून भातशेतीवरही अशीच यंत्रणा चालवली.

पण खर्च सुट्या भागांवर संपत नाही. चकतीवर धूळ बसते, पाणी साचतं, कोळी जाळं विणतो. तापमानानुसार एलईडीची संवेदनक्षमता बदलते. कुणीतरी नियमाने जाऊन चकती पुसणं आणि मधूनमधून चांगल्या स्पेक्ट्रोमीटरशी आकडे ताडून पाहणं, यावरच नोंदींचा भरवसा ठरतो. पगार आणि प्रवासखर्च हिशेबात धरल्याशिवाय ‘कमी खर्चाचं’ म्हणू नये.

सह्याद्रीत याचा उपयोग उघड दिसतो. उन्हाळाभर निष्पर्ण असलेला साग पावसाच्या तोंडावर पालवतो, नेमकं तेव्हाच आभाळ झाकोळतं. कुसुंबाचा पेच वेगळा. त्याची कोवळी पालवी उन्हाळ्याच्या सुरुवातीला लालभडक असते. हिरवेपणा मोजणारा कॅमेरा तिला पालवी म्हणून ओळखेलच असं नाही, आणि हरितद्रव्य कमी असल्याने एनडीव्हीआयही मागे रेंगाळेल. म्हणून चारही रंगांचे मूळ आकडे वेगवेगळे जपून ठेवावेत, गुणोत्तरं नंतर काढता येतात. डब्यांची एक जोडी कुसुंबावर, एक सागावर, एक खालच्या कारवीच्या झुडपांवर अशी वर्षभर चालवून पाहायला हवी. आणि आठवड्याला त्याच झाडांखाली उभं राहून डोळ्यांनी पाहिलेलं वहीत उतरवणारा माणूसही सोबत हवा.