खाण : उत्पन्न की ठेव?

शेतातलं भात कापलं, तरी बियाणं राखून ठेवलं असेल तर पुढल्या पावसाळ्यात ते पुन्हा उभं राहतं. खाणीचं तसं नाही. डोंगरातलं लोहखनिज खणून एकदा जहाजावर चढवलं, की संपलं. त्याला दुसरं पीक नाही. म्हणून खाणीच्या धंद्यात पहिला प्रश्न विचारायचा तो असा : हाती आलेला पैसा हे उत्पन्न, की मोडलेली ठेव?

गोव्याकडे पाहा. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतलं खनिज ट्रकांनी नदीकाठी यायचं, तिथून बार्जमधून मुरगावला आणि मग परदेशी. २०१०-११ या एका वर्षात पाच कोटी टनांहून अधिक माल बाहेर गेला. हजारो घरांच्या चुली त्यावर पेटत होत्या, हे नाकारून चालणार नाही.

पण वहीचं दुसरं पान उलटा. एक टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड उपसावे लागतात. त्यांचे ढीग डोंगराएवढे होतात. आणि पाऊस तर गोव्याचा! ढिगाला बांध नसला, उतारावर झाडं नसली, तर तो गाळ ओहोळातून थेट खालच्या भातशेतात उतरतो. शिवाय खनिजाचा भुसभुशीत थरच पुष्कळ ठिकाणी पाणी धरून ठेवतो. खाण त्या पाण्याखाली गेली की पंप लावून उपसा करावा लागतो, आणि शेजारच्या विहिरी आटतात. हा खर्च खाणमालकाच्या वहीत दिसत नाही. तो गावाच्या अंगावर पडतो.

२०१२ साली बेकायदा उत्खननावरून गोव्यातल्या खाणी थांबल्या. तेव्हा ट्रक आणि बार्ज कर्जावर घेतलेल्यांचे हप्ते काही थांबले नाहीत. म्हणजे अति उपशाने डोंगराचं नुकसान झालं, तसंच माणसाचंही.

सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात दोन मार्ग दाखवले. एक, वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा. दुसरा, विक्रीच्या रकमेतले दहा टक्के एका कायम निधीत टाकायचे, म्हणजे उद्याच्या पिढीच्याही पदरात काही पडेल. यातलं तत्त्व आपल्या आजीलाही ठाऊक होतं : मुद्दलाला हात लावू नये, व्याजावर घर चालवावं.

तिसरी गोष्ट खाण मिटवण्याची. खाण कशी बंद करायची याचा आराखडा आधीच मंजूर करून घ्यावा आणि त्यासाठी आर्थिक हमी द्यावी, असा आपल्या देशाचा नियम आहे.

तुमच्या गावाजवळ खाण असेल, तर ग्रामसभेत तीन प्रश्न जरूर विचारा. ढिगांना बांध आहेत का? विहिरींची पातळी कोण मोजतं? आणि खनिज संपल्यावर गावाच्या हाती काय उरणार? उत्तरं लेखी मागा. खनिज गेल्यावर विचारून उपयोग नाही.