थॅलिडोमाइड : जंतूंना हात न लावणारे औषध

कुष्ठरोगाचे जंतू औषधांनी मेले तरी त्यांचे अवशेष शरीरात बराच काळ टिकतात. काही रुग्णांत या अवशेषांवर रोगप्रतिकारक पेशी खवळतात. ताप चढतो, अंगावर लाल, दुखऱ्या गाठी उठतात, नसा आणि कधी डोळेही सुजतात. ही ‘ईएनएल’ प्रतिक्रिया पुष्कळदा उपचार सुरू झाल्यावरच येते. साहजिकच ‘गोळ्याच बाधल्या’ असे रुग्णाला वाटते.

१९६४ मध्ये जेरुसलेममध्ये डॉ. जेकब शेस्किन यांनी अशाच एका तळमळणाऱ्या रुग्णाला केवळ झोप लागावी म्हणून थॅलिडोमाइड दिले. झोप लागलीच, पण काही दिवसांत गाठीही ओसरल्या. औषध मात्र बदनाम होते. गरोदरपणी ते घेतल्याने जगभरात १०,०००हून अधिक बाळे हातापायांच्या व इतर व्यंगांसह जन्मली होती आणि १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीच्या बाजारातून ते मागे घेतले गेले होते.

गुणाचे एक कारण १९९१ मध्ये उलगडले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील गिला कॅप्लान व सहकाऱ्यांना दिसले, की या लहानशा रेणूमुळे मोनोसाइट पेशी ‘टीएनएफ-अल्फा’ हे दाह भडकवणारे प्रथिन कमी तयार करतात. अमेरिकेत १९९८ मध्ये ईएनएलसाठी थॅलिडोमाइडला मान्यता मिळाली. जंतू यातून मरत नाहीत, म्हणून कुष्ठरोगाच्या मूळ गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. नसा सुजल्या असतील तर स्टेरॉइडही लागते. गरोदर स्त्रियांना थॅलिडोमाइड पूर्ण वर्ज्य आहे.