अनंत, लामहदूद आणि मुलांचे प्रश्न

परभणीकडच्या शाळांची सहल औरंगाबादला गेली की बीबी का मकबरा ठरलेलाच. तिथल्या दरवाजावरच्या लेखात अताउल्लाह आणि हंसपत राय ही बांधणाऱ्यांची नावे आहेत. मुलांना ती सहसा कोणी दाखवत नाही. ताजमहालाचे उस्ताद अहमद लाहोरी यांचा हा मुलगा अताउल्लाह गणितीही होता. १६३४-३५च्या सुमारास त्याने भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथाचा फारसी तर्जुमा करून शाहजहानला अर्पण केला. मूळ संस्कृत ग्रंथ ११५०च्या सुमाराचा.

त्या ग्रंथात ‘खहर’ नावाची राशी येते. ख म्हणजे शून्य. ज्या राशीच्या छेदात शून्य आहे ती खहर. तिच्यात काही मिळवा, तिच्यातून काही काढा, फरक पडत नाही, असे सांगून भास्कराचार्य अनंत, अविकारी परमेश्वराची उपमा देतात. (आजचे गणित शून्याने भागायला मनाई करते. पेपरात ‘उत्तर अनंत’ लिहिले तर गुण मिळणार नाहीत!)

आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून शब्दांकडे लक्ष जाते. अनंत आणि लामहदूद, दोन्ही शब्द नकाराचे. ज्याला अंत नाही, ज्याला हद्द नाही. आमच्या मते माणसाच्या अकलेची पोच इथेच दिसते. आपल्याला हद्द समजते; मग ती आपण पुसतो. खळ्यावरची ज्वारी कोणी दाणा दाणा मोजत नाही, पण मोजली तर संपेल हे माहीत असते. अंक संपत नाहीत. कितीही मोठा सांगा, त्यात एक मिळवता येतो, हे दुसरीतले मूलही जाणते. पण सगळे अंक एकदम डोळ्यांसमोर आणणे कोणालाच जमत नाही.

म्हणूनच सातवीतल्या एका मुलीचा प्रश्न आम्हाला खोटा वाटला नाही. “सर, जन्नत कधीच संपणार नाही ना? मला त्याची भीती वाटते.” घरी विचारले तेव्हा, असे बोलू नये, गुनाह लागतो, म्हणून तिला गप्प केले होते. ही भीती म्हणजे ईमानाची कमजोरी नव्हे. न संपणारे सगळे दिवस ती एकाच वेळी मनात मावू पाहत होती. ते कोणाच्याही मनात मावत नाहीत.

आपल्या बुजुर्गांनी असे प्रश्न दाबले नाहीत. इमाम गझाली यांनी ‘तहाफुतुल फलासिफा’त, जगाला सुरुवातच नाही म्हणणाऱ्या फिलसूफांना विचारले: सूर्याची फेरी एका वर्षाची, शनीची तीस वर्षांची. दोघांच्या फेऱ्या बेहिशेब असतील, तर एकाच्या दुसऱ्याच्या तीसपट कशा? एकोणिसाव्या शतकात जॉर्ज कॅन्टर या जर्मन गणितज्ञाच्या सिद्धांतातून याचे उत्तर मिळाले. जोड्या लावा: सूर्याच्या पहिल्या फेरीपुढे शनीची पहिली, दुसरीपुढे दुसरी. एकही फेरी बिनजोडीची राहत नाही. म्हणून दोन्ही सारख्याच. अनंत डोळ्यांना दिसला नाही, तरी त्याचा हिशेब मांडता आला.

त्या मुलीने वहीत दोन रकाने पाडून या जोड्या लावून पाहिल्या. तिची भीती गेली की नाही, ते आम्ही विचारले नाही. पुढे उर्दूच्या तासाला अजल आणि अबद हे शब्द आले. अबद म्हणजे ज्याला शेवट नाही तो काळ, अजल म्हणजे ज्याला सुरुवात नाही तो. तिने लगेच हात वर केला. “सर, शेवट नसणं थोडं थोडं कळतं. सुरुवात नसणं कसं समजायचं?”