घामाचा दाम कोणत्या नाण्यात?

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली की मासळीचे वाटे सर्वांच्या डोळ्यांदेखत पडतात. ज्याने दोर ओढला त्याला आपला वाटा समोर दिसतो. आज आम्ही शिकवलेली काही मुले घरबसल्या परदेशातील लोकांसाठी व्हिडिओ जोडतात, भाषांतरे करतात. त्यांना कधी विचारणा होते, "मोबदला बिटकॉइनमध्ये चालेल का?" घरातील वडीलधाऱ्यांनी याचे उत्तर समजून घ्यायला हवे.

बिटकॉइन जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले. त्यामागे ना सरकार, ना बँक. व्यवहारांची वही जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते. मधला दलाल नाही, ही सोय. पण तक्रार ऐकणाराही नाही. गुप्त किल्ली हरवली किंवा पैसे चुकीच्या पत्त्यावर गेले, तर दाद मागायची कुठे? शिवाय आज हजाराचे असलेले नाणे महिन्याने सातशेचेही होऊ शकते.

भारतात अशा नाण्यांवर बंदी नाही, मात्र ती कायदेशीर चलनही नाहीत. १ एप्रिल २०२२ पासून त्यांच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून सर्वसामान्यांसाठी प्रायोगिकरीत्या आणलेला डिजिटल रुपया मात्र वेगळा. तो रुपयाच आहे.

मजुरी आणि आमिष यांतही फरक करावा. 'गेनबिटकॉइन' योजनेत दरमहा १० टक्के परताव्याचे वचन होते. हजारो लोकांचे पैसे बुडाले आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटकसत्र सुरू केले. काम न करता ठरलेला नफा देऊ म्हणणाऱ्याला दारातूनच सलाम करावा.

उलेमांचे यावर एकमत नाही. मलेशियातील शरिया सल्लागार मंडळाने २०२० मध्ये डिजिटल मालमत्तेच्या व्यापाराला तत्त्वतः मान्यता दिली. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०२१ मध्ये चलन म्हणून तिचा वापर हराम ठरवला. पण मजुरी आधीच ठरलेली व स्पष्ट असावी, याबद्दल वाद नाही.

म्हणून मुलांना आमचे सांगणे एवढेच: मोबदला रुपयांत ठरवा आणि शक्यतो बँकेतच घ्या. नाणे घ्यावेच लागले, तर त्या दिवसाचा भाव वहीत लिहा, लवकर रुपयांत बदला आणि मिळकत करविवरणात दाखवा. रोजी हलाल असावी, तसा तिचा हिशेबही साफ असावा.